वरच्या खोलीतला फेस

१

सकाळची भांडीकुंडी आवरली, सासूचा दुसरा चहा झाला, की अंकिता मागच्या पडवीत साबणाला बसायची. आधी डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे. मग स्टीलच्या पातेल्यात मोजून पाणी आणि त्यात थोडाथोडा करून कॉस्टिक सोडा. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर उसळून तोंडावर येतं. माहेरी पलूसला बचत गटाच्या बायकांबरोबर ती हे शिकली, तेव्हा पहिला धडा हाच होता. सोडा पडला की पाणी आपसूक तापायचं. ते निवेपर्यंत ती तेलं काढायची. खोबरेल, शेंगतेल आणि फेस दाट यावा म्हणून एरंडेल. चूल नाही, गॅस नाही. तेलात ते पाणी सोडून नुसतं घुसळत राहायचं. घुसळता घुसळता ते दुधासारखं दिसायचं, मग सायीसारखं, आणि शेवटी पळीनं वरून धार सोडली की तिची रेघ बुडायची नाही, तशीच वर राहायची. मग लाकडी साच्यात ओतायचं, वर जुनी वाकळ पांघरायची आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या.

"बाळंतिणीची करत्यात तशी सेवा चाललीया साबणाची," सासू तानुबाई उंबऱ्यात बसून म्हणायची.

"आत्ती, अजून महिना-दीड महिना वाळायला पायजे. तवर सोडा मरत न्हाई. आत्ता लावला तर कातडं जळंल."

वड्या वाळायला वरच्या खोलीत जायच्या. विट्याजवळच्या त्या गावात बंगले मोठे आणि माणसं थोडी. घरटी एकेक बाप्या गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला लांब मुलखात गेलेला. निम्म्या घरांना कुलपं. अंकिताचा नवरा वीरधवल सेलमला होता. त्यानं खालचं घर पुरं केलं होतं, वरचं तसंच राहिलं होतं. वरच्या खोलीत बेसिन बसवलं होतं, त्यावर नळही चमकत होता, पण खालून पाइप जोडायचाच राहिला होता. प्लंबर "उद्या येतो" म्हणून गेला तो गेलाच. त्या खोलीत एक सुंभाची बाज होती. बाजेवर धुवट लुगडं अंथरून अंकिता वड्या मांडायची. खिडकीतून वारा यायचा आणि दुपारी ऊन थेट भिंतीपर्यंत पोचायचं.

दिवाळीनंतर तिनं एक घाणा फक्त नवऱ्यासाठी केला. सोनं शुद्ध करायच्या तेजाबात काम करून वीरधवलचे हात तपकिरी झाले होते. नखं पिवळी, पेरांमध्ये काळे चर. दिवाळीत त्याच्या चुलतबहिणीचा साखरपुडा झाला, तेव्हा फोटोला उभा राहताना त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतलेले तिनं बघितले. जेवायलाही त्यानं चमचा मागून घेतला. घरी आल्यावर ती म्हणाली, "आवं, मी करते तुमच्या हातांसाठी साबण. भरपूर फेसाचा."

तो हसला. "येडी हायस. तेजाबाचा डाग हाय त्यो. माणसाबरोबरच जायाचा."

तिनं तरीही केला. एरंडेल नेहमीपेक्षा जास्त घातलं, वाळा घातला. घुसळताना तिच्या मनात दुसरं काहीच नव्हतं, फक्त त्याचे हात होते.

२

वड्या अधूनमधून उलटाव्या लागतात. एका दुपारी ती वर गेली आणि एकेक वडी पालथी करत आली. कडेच्या वडीला हात लागला, तर ती ओली होती.

साबणाला घाम येतो हे तिला माहीत होतं. हवा दमट असली की वडीवर दवासारखे थेंब धरतात. पण थंडीचे दिवस होते आणि त्या मुलखाची हवा अशी, की ओठ फुटायचे. बाकीच्या वड्या खडखडीत कोरड्या होत्या. शिवाय हिच्यावर थेंब नव्हते, बुळबुळीत साय होती. हातावर घेऊन तिनं उजेडात धरली. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. वड्या पाडताना तिनं सुरीनं कापलेले कोपरे गेले होते.

"आत्ती, तुमी वर गेलता का?"

"माझं गुडघं बग आणि मग इचार," तानुबाई म्हणाली.

उंदीर असेल. साबण कुरतडतात ते. पण दातांचा ओरखडा कुठं नव्हता. तिनं नेहमीसारखं जिभेचं टोक लावून बघितलं. सोडा मेला नसला की जिभेला चटका बसतो, विजेचा बसावा तसा. बाकीच्या वड्या निवत आल्या होत्या. ही मात्र अशी झोंबली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

एरंडेल जास्त झालं, त्यानं असं होत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती वडी परत बाजेवर ठेवली. ठेवताना तिच्या लक्षात आलं, की वडीला मधोमध खळगा पडलाय. रोजच्या वापराच्या साबणाला पडतो तसा, तळव्याच्या मापाचा.

३

त्यानंतर दुपारी आवाज यायला लागला.

जेवणं उरकून दोघी सोप्यात आडव्या व्हायच्या. गावात त्या वेळी चिटपाखरू नसायचं. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालायची, तीही मग बंद पडायची. आणि त्या शांततेत वरून हळूच चुळुकचुळुक ऐकू यायची. दाट फेसात हात हातावर फिरावेत, बोटांत बोटं घालून चोळावीत, तसा आवाज. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. कुणीतरी अगदी मन लावून हात धूत होतं.

पहिल्यांदा अंकिताला वाटलं, आपला डोळा लागलाय. आवाज इतका मऊ होता, की त्यानंच गुंगी यायची. मग शेजारून तानुबाई डोळे मिटल्या मिटल्या म्हणाली, "वीरू कवा आला गं?"

"कोण?"

"वर हात धुतोय न्हवं?"

अंकिता ताडकन उठली. जिना चढून वर गेली. खोलीत कुणी नव्हतं. ऊन भिंतीवर होतं, पडदा हलत होता. बेसिनच्या भोकावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते तसंच होतं. नळ पिळला तर आतून नुसती हवा फुसकली. पण बेसिनमध्ये मूठभर फेस होता, पांढरा, दाट, फेटलेल्या लोण्यासारखा. त्याला वाळ्याचा वास होता. ती बघत राहिली. फेसातले बुडबुडे एकेक करून फुटत होते आणि त्या फुटण्याचाही बारीक आवाज येत होता. फेस पुरता विरला, तेव्हा खाली ओल राहिली नाही.

ती खाली आली. तानुबाई उठून बसली होती.

"कोण हाय?"

"कोण न्हाई, आत्ती. पडदा हलतोय."

"पडदा," तानुबाई म्हणाली आणि परत आडवी झाली.

४

चार-आठ दिवसांनी वीरधवलचा व्हिडिओ कॉल आला. तो नेहमी फोन लांब कुठंतरी टेकवून ठेवायचा आणि हात खाली ठेवून बोलायचा. आज त्यानं फोन हातात धरला होता. दुसरा हात त्यानं पडद्यासमोर आणला आणि लहान पोरासारखा उलटसुलट करून दाखवला.

"बगितलंस का?"

डाग फिके झाले होते. नखांच्या कडा गुलाबी दिसत होत्या. पेरांतले चर भरून आले होते.

"काय लावताय?"

"कायबी न्हाई. पाणीसुदिक न्हाई जादा. आपसूक गेलं. दुकानातली पोरं म्हणत्यात, शेट, काय ब्युटी पार्लर लावलंय काय!" तो हसला. मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "एक गंमत सांगू? दुपारी गिऱ्हाईक नसलं की गादीवर डोळा लागतोय माझा. सपनात मी घरी असतोय. आपल्या वरच्या खोलीत. बेसिनला पाणी आलेलं असतंय आणि मी हात धूत असतोय. लय फेस येतोय गं. असं वाटतंय, उठूच नये."

अंकितानं जिन्याकडे बघितलं. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं तर ते असं उजळलेलं, की लग्नानंतर तिनं ते तसं बघितलं नव्हतं.

"हात ओलं असत्यात का, उठल्यावर?" तिनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

तिनं काहीतरी बोलून विषय बदलला. दुपारी वर गेली. ती वडी आता निम्म्यानं झिजली होती. बराच वेळ ती बाजेपाशी उभी राहिली. ह्यात वाईट ते काय, असं तिच्या मनात आलं. ज्यासाठी आपण हे केलं तेच तर होतंय. कसं होतंय हे विचारायची गरजच काय? वाऱ्यानं पडदा फुगला, बसला. मग तिनं ती वडी बाजेवरून उचलली आणि बेसिनच्या काठावर नेऊन ठेवली. हाताला सोपी पडावी म्हणून.

५

त्या दिवसापासून आवाज लवकर सुरू व्हायचा आणि उशिरापर्यंत चालायचा. अंकिताला त्याची सवय झाली. कधी कधी तर ती त्याची वाट बघायची. उन्हात डोळे मिटून पडायचं आणि वर आपला माणूस हात धुतोय असं समजायचं. सेलम लांब आहे हे त्या वेळी खरं वाटायचं नाही.

पहिली वडी पापुद्र्याएवढी उरली, तेव्हा बाजेवरची दुसरी वडी ओली झाली.

मग फोनवर वीरधवल सांगायला लागला, की मोबाइल त्याचा अंगठा घेईना. बँकेतही मशीननं अंगठा नाकारला. अंकितानं समजूत काढली. तेजाबात काम करणाऱ्यांचे ठसे पुसट होतातच, गावात कितीतरी जणांचे झालेत. "व्हय, पण त्यांचं हात काळं हायत," तो म्हणाला. पुढच्या खेपेला म्हणाला, की चिमटा हातातून निसटतोय. भट्टीवरची, सोनं वितळवायची मूस त्यानं चुकून उघड्या हातानं उचलली आणि बाजूला ठेवेपर्यंत त्याला कळलंच नाही. चटका नाही, फोड नाही.

"दाखवा हात," अंकिता म्हणाली.

त्यानं तळवा पडद्यासमोर धरला. पांढरा, सुंदर, घोटलेला. तिनं डोळे फोनला टेकेपर्यंत जवळ नेले. तळव्यावर एकही रेघ नव्हती. आयुष्याची नाही, दैवाची नाही, बोटं मिटली की पडते ती घडीसुद्धा नाही.

"बरं वाटत न्हाई गं आता," तो हळूच म्हणाला. "सपनात धुवायचं थांबवू म्हणतोय, तर थांबत न्हाई."

अंकिता फोन तसाच टाकून वर धावली. उरलेल्या सगळ्या वड्या तिनं ओढणीत घेतल्या. विहिरीत टाकाव्यात म्हणून निघाली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकली. पाण्यात टाकल्या तर त्या विरघळतील. विरघळल्या तर काय होईल? तो पापुद्रा तिच्या तळहातावर होता, आरपार उजेड दिसावा इतका पातळ. त्यात नवऱ्याचं किती उरलंय, हे तिला कोण सांगणार होतं? ती तशीच खाली आली. सगळ्या वड्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात घातल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुपारी आवाज आला, पण फेसाचा नव्हता. कोरड्या हातावर कोरडा हात घासल्याचा होता. आधी सावकाश, मग जोरजोरानं. वाळक्या पाचटात कुणी चालावं तसा तो वाजत राहिला.

तानुबाईनं कानांवर पदर घेतला. "दे त्याला काय पायजे ते," ती म्हणाली. "आगं, कातडं सोलून निघतंय त्येचं."

अंकितानं दिलं नाही. तिनं फोन लावला. खूप वेळानं वीरधवलनं उचलला. झोपेतून उठल्यासारखा त्याचा आवाज होता.

"आज साबण घावना," तो म्हणाला.

"आवं, ऐका माझं. दुकान पोरांवर सोडा आणि निघून या. आत्ता निघा. वाटंत झोपू नगा. काय बी झालं तरी डोळा लावू नगा."

"व्हय," तो म्हणाला. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

६

तो आला तेव्हा ऊन चढलं होतं. अंकिता फाट्यावर जाऊन थांबली होती. ट्रॅव्हल्समधून तो उतरला. बॅग त्यानं कोपरात अडकवली होती. जागरणानं डोळे ताठरले होते. तिला बघून तो हसला, आणि तिचा सगळा धीर एकदम सुटला. "झोपला न्हवता न्हवं?" तिनं रडत रडत विचारलं.

"सांगलीच्या अलीकडं जरा डुलकी लागली बग," तो म्हणाला. "एवढीच."

मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. भर रस्त्यात तिच्या गालाला हात लावला. हात गार होता आणि गालावर ठरेना. घसरून खाली आला. त्यानं परत लावला, परत घसरला.

घरी तानुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकाचं तोंड कुरवाळलं. त्याच्या हातांकडे तिनं एकदा बघितलं आणि मग बघायचं टाळलं. अंकितानं ताटं वाढली. तिघं सोप्यात जेवायला बसली. वीरधवलला भाकरी मोडता येईना. बोटांतून तुकडा सुटायचा. तो पुन्हा धरायचा. अंकिताला वाटलं, आता हा घरात आहे. आता काय व्हायचं ते आपल्या डोळ्यांदेखत होईल. डॉक्टर आहेत, विटा आहे, सांगली आहे. माणूस समोर आहे ना, बास.

आणि वरून चुळुकचुळुक ऐकू आली.

दाट, सावकाश. फेसातली.

तिघांनीही ऐकली. वीरधवलनं मान वर केली. "वर कोण हाय?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात नवल होतं, भीती नव्हती.

तानुबाई लेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिनं आपलं ताट हळूच मागं ओढलं आणि त्याच्यापासून जराशी सरकून बसली.

"मी बगून येतो," तो म्हणाला.

"तुमी जेवा," अंकिता उठली. "मी जाते."

७

कपाटाचं कुलूप तसंच होतं, ते तिनं जाता जाता बघितलं. जिन्यात वाळ्याचा वास भरला होता. वर दार अर्धं लोटलेलं होतं. ते तिनं बोटानं ढकललं.

खिडकीतलं ऊन थेट बेसिनवर पडलं होतं. बेसिन फेसानं काठोकाठ भरलं होतं, फेस काठावरून ओघळत होता आणि फरशीला टेकायच्या आधीच विरत होता. फेस हलत होता. मग त्यातून हात वर आले.

तपकिरी हात. नखं पिवळी, पेरांमध्ये काळे चर. डाव्या मनगटावर भाजल्याचा वाटोळा वण होता, तो तिच्या बोटांना पाठ होता. आणि तळव्यावर, फेस निथळला तिथं, सगळ्या रेघा होत्या. मनगटाच्या वर ऊन इतकं पांढरं होतं, की तिथं काय आहे, काही आहे का, ते दिसत नव्हतं.

हात तिच्याकडे वळले आणि थांबले. टॉवेल मागावा तसे. त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं.

तिला ओरडता आलं असतं. तिनं ओढणीचं टोक पुढं केलं.

हातांनी ते घेतलं. एकेक बोट पुसलं, बोटांच्या बेचक्या पुसल्या. ओढणीतून त्यांची ऊब तिच्यापर्यंत आली. ते गरम होते, खरबरीत होते, कामाचे होते. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. गिरणी बंद पडली, एवढं तिनं ऐकलं.

मग खालून तानुबाईचा आवाज आला. "अंकिता, त्यो वर आला गं!"

जिन्यावर पावलं वाजत होती. सावकाश, ओल्या पायांची.

"अंकिता?" नवऱ्याचाच आवाज. "कोण हाय तिथं?"

तिनं मागं न बघता दार लोटलं आणि आतून कडी घातली. बाहेर पावलं दाराशी येऊन थांबली. कुणीतरी दारावर थाप मारायला गेलं, पण थाप वाजली नाही. तळवा लाकडावर टेकला आणि वरून खालपर्यंत घसरत गेला. परत टेकला, परत घसरला.

"अगं, मी हाय. उघड की."

अंकिता पाठ दाराला लावून उभी राहिली. समोर फेस विरत चालला होता. बाहेरच्यानं पुन्हा तिचं नाव घेतलं, लाडानं, अगदी वीरधवल घ्यायचा तसं, आणि आतल्या हातानं तिचं मनगट गच्च धरलं. घाबरलेलं माणूस धरतं तसं.